उपकप्तानाची फुलं

१

त्या स्टुडिओत भर दुपारी पाऊल टाकलं तरी ‘ओहायो’ म्हणत सकाळचाच नमस्कार घालायचा असतो. सेईजी मोगामीला ही रीत नवी नव्हती. उभी हयात त्यानं याच धंद्यात घालवली होती. फरक एवढाच, की आजवर तो या दारातून आत यायचा तो वेटर म्हणून, नाहीतर प्रेत म्हणून. आज तो उपकप्तान म्हणून आला होता.

आणि तोही कुठला? ‘नक्षत्रपहारा’चा! अख्ख्या जपानातली पोरं रविवारी सकाळी ज्या मालिकेसाठी न उठवता उठतात, तिचा. अंतराळात गस्त घालणारं एक जहाज, एक कप्तान आणि त्याची चार माणसं, एवढीच गोष्ट, पण वर्षानुवर्षं चाललेली. माणसं बदलत गेली. कुणी परग्रहावर कामी आलं, कुणाची बदली झाली, कुणी लग्न करून पृथ्वीवर परतलं. खुर्च्या मात्र त्याच राहिल्या.

यंदा काही जमलं नाही तर सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात बसेन, असा शब्द मोगामीनं बायकोला दिला होता. सायो काही कजाग बाई नव्हती, पण वाट बघून बघून ती थकली होती. आज सकाळी तिनं त्याचे बूट स्वतः घासून ठेवले. 

“नव्या उपकप्तानांच्या भूमिकेत, मोगामी सेईजी-सान, आत येताहेत!”

ही हातानो, पहिली सहायक दिग्दर्शक. काटकुळी बाई, पण आवाज असा की छतावरचे दिवे हलावेत. टाळ्या पडल्या. रीत म्हणून वाजवतात तशाच पडल्या आणि एकदमच थांबल्या.

एक टाळी सोडून. कुणीतरी अगदी सावकाश, तब्येतीत, आणखी तीनचारदा हात वाजवले.

चला, निदान एकाला तरी आनंद झाला म्हणायचा! मोगामीनं त्या बाजूला वळून कमरेत वाकून नमस्कार केला. मान वर केली तेव्हा समोर कुणीच नव्हतं. नियंत्रण कक्षाचा सेट होता आणि कप्तानाच्या उजव्या हाताची रिकामी खुर्ची होती. त्याचीच खुर्ची. छत फार उंच आहे, आवाज घुमत असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. प्लायवूडच्या सेटवर आवाज घुमत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

२

त्या लोकांची आणखी एक खोड होती. कुठल्याच नटाला खऱ्या नावानं हाक मारायची नाही. म्हाताऱ्या ओनोदेरांना चहावालीसुद्धा ‘कप्तान’ म्हणायची. यंत्रं सांभाळणाऱ्या पात्राला कँटीनमध्येही ‘मिस्त्री’. मग मोगामीला काय म्हणावं? ‘नवे’!

“अहो नवे, सावलीत उभे राहू नका.”

“नव्यांना नूडल्स थंड झालेलेच आवडतात वाटतं!”

हसायचे सगळे. मोगामीही हसायचा, न हसून करतो काय? पण रात्री सायोनं विचारलं, “कसे आहेत लोक?” तेव्हा त्यानं तिला आणखी भात वाढायला सांगितला. त्याला फार काही नको होतं. एकदा, एकदाच कुणीतरी आपल्याला ‘उपकप्तान’ म्हणावं, एवढीच त्याची भूक होती.

त्याच्या आधी त्या खुर्चीत शिराकी होता. अकरा वर्षं. मग निर्मात्याशी बिनसलं आणि एके दिवशी तो आलाच नाही. लेखकानं एका वाक्यात निकाल लावला. कप्तानानं कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, “उपकप्तान दूरच्या चौकीवर गेले.” विषय संपला.

रेडिओ सांभाळणारी कोमाकी गेली ती मात्र रीतसर. तिचं शेवटचं दृश्य झालं, हातानो कडाडली, “रेडिओच्या कोमाकी-सान, ऑल-अप!” म्हणजे हिचं काम पूर्ण झालं, आता ही मोकळी. मग फुलांचा भलामोठा गुच्छ, टाळ्या, रडारड. नाक पुसायला रुमाल शोधताना कोमाकीनं गुच्छ शेजारी उभ्या मोगामीपुढे केला. “एक मिनिट धरता का हो?”

त्यानं हात पुढे केला मात्र, हातानोनं फाडकन त्याच्या मनगटावर चापट मारली.

“दुसऱ्याची फुलं धरायची नाहीत! अक्कल आहे का काही?”

“अहो, रुमाल काढेपर्यंतच...”

“फुलं ज्याच्या हातात, तो जातो. तुमची वेळ आली की तुम्हालाही मिळतील. मागावी लागणार नाहीत.”

मोगामी मनगट चोळत, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, “मग शिराकी-साननाही मिळाली असतील.”

 कप्तानानं चहाचा कप खाली ठेवला.

“नवे,” तो म्हणाला, “तुम्ही खुर्चीत बसायला आलात. बसा.”

दुसऱ्या दिवशी कोमाकीच्या जागी एक दुसरी मुलगी आली. आठवडाभरात सगळे तिला ‘रेडिओ’ म्हणायला लागले.

३

‘नक्षत्रपहारा’त कप्तान हुकूम सोडतो आणि चौघं एका दमात म्हणतात, “आज्ञा!” प्रत्येक भागात हे असतंच. शाळेच्या मैदानावर पोरंही तसंच ओरडतात. एक शब्द, चार गळे, पण ऐकणाऱ्याला एकच गळा वाटला पाहिजे.

“जहाज उत्तरेला वळवा!”

“आज्ञा!”

“कट!” हे ध्वनिमुद्रक उराबेचं ओरडणं. कानांवरचे हेडफोन त्यानं गळ्यात ओढले. “एक जण मागं राहतोय.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. आणखी एकदा. आता सगळ्यांचे डोळे मोगामीकडे. बाकी दोघं तर मुरलेली, रेडिओही एव्हाना रुळलेली, म्हणजे चुकणारा कोण? वेगळं सांगायला नको.

“नवे, घड्याळ बंद पडलंय का तुमचं?” मिस्त्री म्हणाला.

“मी वेळेवरच म्हणतोय.”

“सगळे खोटे आणि हे एकटे खरे!”

मोगामीच्या कानशिलांत रक्त तापलं. त्याला पक्कं माहीत होतं, शब्द वेळेवर निघतोय. पण त्यालाही ऐकू येत होतं! चौघांचा “आज्ञा” हवेत विरतो न विरतो तोच डाव्या खांद्यामागून कुणीतरी तोच शब्द म्हणत होतं. घाई नाही, गडबड नाही. इतरांचं आटोपू द्यावं आणि मग आपण बोलावं, म्हणजे कप्तानाला नीट कळेल कोण बोललं, असा तो आवाज होता. मानाचा माणूस बोलतो तसा.

त्यानं मागे वळून पाहिलं. लुकलुकणाऱ्या दिव्यांची भिंत होती.

“मागे काय बघताय?” कप्तान म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं. “मागे बघायचं नाही. समोर बघा.”

४

चार दिवस हाच तमाशा. पाचव्या दिवशी उराबेचं डोकं फिरलं. तो तरातरा सेटवर आला.

“तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज काढायचा नाही. तिघांचं काय ते मी बघून घेतो.”

आता याहून मोठा अपमान नटाचा कुठला? पण मोगामीनं मान हलवली. टायरचं दुकान डोळ्यांपुढे उभं होतं ना! हुकूम सुटला, तिघांनी “आज्ञा” म्हटलं, मोगामीनं ओठ हलवले.

आणि त्याच्या मागून, निवांतपणे, “आज्ञा.”

उराबे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून उभा होता. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. मग तो लालबुंद झाला.

“चोरून बोललात तुम्ही!”

“उराबे-सान, देवाशपथ...”

“शपथा खाऊ नका! बोललात!”

मोगामीनं सरळ त्याच्या कानांवरचे हेडफोन ओढून आपल्या कानांना लावले. “ऐकवा मला.” उराबेनं टेप मागे फिरवून ऐकवली. तीन गळे. क्षणभर शांतता. मग तो आवाज, कानाच्या इतका जवळ की मोगामीला त्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याच्याच काय, अख्ख्या देशाच्या ओळखीचा होता. रविवारच्या कितीतरी सकाळी तो घराघरांत वाजला होता.

“जुनी टेप असेल,” मोगामी कसाबसा म्हणाला. “पुसायची राहिली असेल.”

“हो, तसंच,” उराबे घाईघाईनं म्हणाला, पण नजर देईना. “जुनी टेपच. नव्यानं घेऊ.”

टेप नवी कोरी होती. तिचं वेष्टण अजून टेबलावर पडलं होतं. ते दोघांनाही दिसत होतं. उराबेनं ते चुरगाळून खिशात टाकलं.

“यापुढे माझ्या हेडफोनला हात लावायचा नाही,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून कुणी मोगामीशी नीट बोलेना. कँटीनमध्ये तो बसला की शेजारचा ताट उचलून उठायचा. आणि निर्मात्यानं हातानोकडून निरोप धाडला, की या महिन्यात सुधारले तर ठीक, नाहीतर नव्यांच्या जागी आणखी नवे बघू.

५

शिराकी जिवंत होता. हेच तर मोगामीला उमगेना! मेला असता तर सरळ भूत म्हणून मोकळं होता आलं असतं. मानाझुरूच्या बंदराजवळ त्यानं मासेमारीच्या सामानाचं दुकान टाकलं होतं. रविवारी मोगामी आगगाडीनं तिकडे गेला.

दुकानात गळ विकणारा माणूस शिराकीच होता, पण किती लहान वाटत होता! तोच चेहरा, तेच खांदे, पण आतून कुणीतरी उठून गेलेलं.

“ओहो, नवे आले वाटतं,” तो म्हणाला. आवाज घोगरा आणि चिरका. “बसू नका. मला काम आहे.”

“मी फक्त एवढंच विचारायला...”

“मागं राहतोय ना एक जण?”



“तुम्हाला कसं...”

“अकरा वर्षं!” शिराकीनं गळांचा डबा आदळला. “अकरा वर्षं मी त्या खुर्चीत बसलो. आणि जाताना? फुलं नाहीत, ऑल-अप नाही, काही नाही. मी आपला गाडी पकडून इथं आलो. माझं भागलं. पण त्याला कुणी सांगितलं का, की तुझं झालं म्हणून?”

“कुणाला?”

शिराकी डब्यातले गळ पुन्हा मोजायला लागला. बाहेर बोटी एकमेकींवर आपटत होत्या.

“मग आत्ता घ्या फुलं,” मोगामी काकुळतीला आला. “मी आणवतो. तुम्ही एकदाच या सेटवर. हात जोडतो हो तुमच्यापुढे! माझं घर या कामावर अवलंबून आहे.”

“मी का येऊ? मी उपकप्तान नाही. दिसतोय का मी उपकप्तान?” शिराकी पहिल्यांदाच हसला, आणि ते हसू चांगलं नव्हतं. “फुलं द्यायची तर तिथं द्या. त्याला द्या. आणि आता निघा. माझ्या दुकानात उभे राहता तुम्ही, तर मला उगाच वाटतं, मीच मागे उभा आहे कुणाच्या तरी.”

६

हातानोला त्यानं जिन्यात गाठलं आणि शिराकीचं बोलणं सांगितलं. वाटलं होतं ती खेकसेल. ती पायरीवर बसली आणि बोटं मोडत राहिली.

“मी तेव्हाच म्हणाले होते,” ती पुटपुटली. “निर्माते म्हणाले, पळून जाणाऱ्याला कसली फुलं?”

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला बळीचा बकरा केला होता. मोगामीचा संताप संताप झाला. पण भांडून काय होणार होतं? त्यानं संताप गिळला.

जेवणाच्या सुट्टीत, निर्माता बाहेर गेलेला बघून, सगळे सेटवर जमले. मिस्त्री, रेडिओ, चौथ्या खुर्चीतला गप्प डॉक्टर, हेडफोन काढून ठेवलेला उराबे. कप्तान पूर्ण गणवेशात होता. जहाजाचे दिवे लावले. मोगामी आपल्या खुर्चीपासून दूर, दाराशी उभा राहिला. आत्ता ती खुर्ची त्याची नव्हती. सुट्टी संपली की असणार होती.

हातानोनं गुच्छ छातीशी धरला. पांढऱ्या लिली होत्या. तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा कापला.

“उपकप्तान, ऑल-अप!”

टाळ्या वाजल्या. मनापासूनच्या होत्या त्या. रेडिओ तर रडायलाच लागली, तिनं शिराकीला कधी प्रत्यक्ष पाहिलंही नसताना. गुच्छ रिकाम्या खुर्चीसमोर धरलेला होता. धरलेलाच राहिला. आता पुढे काय, हे कुणालाच कळेना. खुर्चीवर ठेवायचा? पायाशी ठेवायचा? टाळ्या लांबत गेल्या, विरळ व्हायला लागल्या.

तेव्हा कप्तान ताठ झाला आणि आपल्या त्या सुप्रसिद्ध, खणखणीत आवाजात म्हणाला,

“उपकप्तान, पुढे या!”

किती दिवस मोगामी या एका हाकेसाठी तळमळला होता! डोक्यानं काही ठरवण्याआधी पायांनी ठरवलं. नटाची जात ती, नावानं पुकारलं की पुढे व्हायचं. तो चालत गेला, कमरेत वाकला, आणि दोन्ही हातांत फुलं घेतली.

“आज्ञा,” तो म्हणाला.

लिलीचा वास नाकात शिरला तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं ते.

“थांबा, ही माझी नव्हेत...” त्यानं मान वर केली. कुणी दचकलेलं नव्हतं. कुणी ओरडलं नाही. सगळे पुन्हा टाळ्या वाजवत होते, ओल्या डोळ्यांनी, त्याच्याकडे बघत. इतक्या मायेनं या माणसांनी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. कप्तानानं खोल वाकून नमस्कार केला.

“इतकी वर्षं साथ दिलीत, उपकप्तान. सांभाळून जा.”

मग कप्तानाची नजर मोगामीच्या खांद्यावरून मागे गेली, आणि एखादं ओझं उतरावं तसा त्याचा चेहरा सैल झाला. मागे खुर्ची करकरली. बसणारा नीट टेकून बसतो, हात खुर्चीच्या हातांवर ठेवतो, तशी करकरली. समोरच्या काळ्या पडद्याच्या काचेत मोगामीला त्या खुर्चीतल्या गणवेशाची बाही दिसली, आणि बाहीतून बाहेर आलेली बोटं. डाव्या करंगळीवर भाजल्याचा डाग होता.

त्यानं फुलांखालचा आपला हात चाचपला. तो डाग त्याचा होता, लहानपणी किटलीनं पडलेला.

७

“गाडी दारात आहे,” हातानो म्हणाली. त्याला ती हाताला धरून नेत होती, आजारी माणसाला नेतात तसं. गणवेशाचं जाकीट तिनं केव्हा उतरवून घेतलं ते त्याला कळलं नाही.

“हातानो-सान, ऐका हो! दुपारचं दृश्य बाकी आहे. माझं दृश्य आहे!”

“तुमचं झालं ना सगळं.” ती अगदी प्रेमानं म्हणाली. “आता आराम करा. घरी बायको वाट बघत असेल.”

“मग आत खुर्चीत कोण बसणार?”

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो काहीतरी विचित्रच बोलला.

“उपकप्तान आहेत की आत.”

जाड दार लागलं. दारावरचा लाल दिवा पेटला. मोगामी बोळात उभा होता, कुशीत लिली, पायांत सायोनं घासलेले बूट. तिला काय सांगायचं? काम गेलं म्हणून? कुणाचं गेलं? रविवारी ती टीव्ही लावील आणि खुर्चीत नवरा दिसेल. आणि तिच्या हातचा चहा घेणाऱ्या मोगामीला ती विचारील, तुम्ही कोण?

त्यानं दाराला कान लावला. आतून कप्तानाचा हुकूम आला.

“जहाज उत्तरेला वळवा!”

“आज्ञा!”

चार गळे. एकच दम, एकच शब्द. त्यातला एक गळा त्याचा स्वतःचा होता. स्वच्छ, भरदार, वेळेवर. इतकं छान तो आयुष्यात कधी म्हणाला नव्हता.

नको, असं त्याच्या मनात आलं. गप्प बस, तोंड दाबून धर. पण नटाच्या जिभेला ते कुठं कळतं? आतल्यांचं आटोपलं आणि त्याचे ओठ आपोआप हलले.

“आज्ञा,” मोगामी बोळात पुटपुटला.

 मग उराबेचा वैतागलेला आवाज आला.

“कट! पुन्हा घ्या. एक जण मागं राहतोय.”